अकराव्या पिशवीतलं मीठ

आमच्या संग्रहालयात सतरा जुन्या पिशव्या आहेत आणि त्या कशासाठी विणल्या होत्या ते कुणालाही ठाऊक नाही. हे वाक्य मी आज बिनदिक्कत लिहिते आहे. वर्षभरापूर्वी लिहिलं असतं तर संचालकांनी मला आधी डोळे तपासून यायला सांगितलं असतं आणि मग डोकं.

मी पाट्या लिहिते. काचेच्या कपाटात वस्तूखाली तळहाताएवढा पुठ्ठा असतो ना, तो माझा. लोक वस्तूकडे ओझरतं बघतात, पाटी मात्र शेवटपर्यंत वाचतात आणि समाधानाने पुढच्या कपाटाकडे सरकतात. म्हणजे खरं तर संग्रहालय मीच चालवते, असं मी आत्याला म्हणायचे. आत्या सुईतून नजर न काढता म्हणायची, "हो ना, वस्तू काय, हवेत लटकतात."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. वडिलांना फिरतीची नोकरी, त्यामुळे त्यांनी मला एका ट्रंकेसकट आत्याकडे आणून सोडलं. तिला तेव्हा नुकतीच संग्रहालयात नोकरी लागली होती आणि नोकरीबरोबर मागच्या आवारात राहायला एक खोली मिळाली होती. त्याच खोलीत मी वाढले. ती जुनी कापडं दुरुस्त करायची. फाटलेले गालिचे, कसरीने खाल्लेले अंगरखे, कुणा सरदाराच्या घोड्यावरची झूल. सगळे तिला टाकेबाई म्हणत. समोर म्हणत, मागे म्हणत, पगारपत्रक सोडून सगळीकडे तेच नाव होतं.

तिची कामाची खोली उत्तरेच्या बाजूला, कारण उन्हाने रंग उडतात. एक लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, डोक्यावर खाली-वर होणारा दिवा, मऊ ब्रश आकाराप्रमाणे लावलेले, आणि कपाटात लोकरीच्या गुंड्या. एकाच लाल रंगाच्या तिच्याकडे बावीस छटा होत्या आणि त्यातली चुकीची कुणी पुढे केली तर ती त्याच्याकडे दया आल्यासारखी बघायची. तिची रफू दिसायची नाही. तोच तर तिचा मान होता. मोठमोठी माणसं भिंग लावून शोधायची, मग हात टेकायची. "दिसली तर ती रफू कसली," ती म्हणायची, "ते ठिगळ."

अशी बाई. टापटीप इतकी की आमच्या खोलीत धुळीलाही परवानगी काढून यावं लागे. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं ते या टापटिपीनेच घडवलं.

आता त्या पिशव्या. डोंगरापलीकडे पूर्वी मेंढपाळ टोळ्या फिरत असत, त्यांच्या बायकांनी विणलेल्या. लोकर जाड, रंग मातीचे आणि डाळिंबाचे. खाली पोट चौकोनी आणि फुगीर, वर मान निमुळती. मानेतून हात जेमतेम आत जातो आणि मूठ वळली तर तशीच अडकते. त्या टोळ्या शंभर वर्षांपूर्वी गावागावांत स्थिरावल्या. त्यांच्या पणतवंडांना विचारलं तर म्हणतात, "होती एक आजीकडे, खुंटीला. आत काय असायचं? आम्हाला हात लावू द्यायची नाही."

एवढ्या माहितीवर शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण विद्वानांचं तसं नसतं. कुणी म्हणालं, जनावरांचं खाद्य. कुणी म्हणालं, सूतकताईच्या चात्या. एकाने बाळाची झोळी म्हटलं, तेव्हा आत्याने फक्त एवढंच विचारलं की बाळ मानेतून आत घालायचं कसं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि या सगळ्यांत एकच मत पाय रोवून उभं होतं, ते मिठाचं. अरुंद तोंड म्हणजे मीठ ओलावत नाही, सांडत नाही, मेंढी तोंड घालत नाही. शिवाय त्याला पुरावा होता. आमच्या नोंदवहीत, पिशवी क्रमांक अकरापुढे, 'आतील वस्तू' या रकान्यात छत्तीस वर्षांपूर्वी शाईने लिहिलेलं होतं: मीठ, अल्प.

सगळ्या जगात अशी एकच नोंद. तिच्या जिवावर एका प्राध्यापकांनी आख्खं पुस्तक लिहिलं. मीठ कुठून यायचं, कोणत्या खिंडीतून जायचं, कोण कुणाला द्यायचं, नकाशे काढून. पुस्तक चांगलं आहे, मी वाचलं आहे. दुसऱ्या संग्रहालयांनी ते वाचून आपल्या पिशव्यांच्या पाट्या बदलल्या. प्राध्यापक वर्षातून एकदा यायचे, टाकेबाईंच्या खोलीत अर्धा तास बसायचे, तिने केलेला काळा चहा प्यायचे. पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांनी तिचे आभार मानले होते: 'ज्यांच्या तीक्ष्ण नजरेने तो मिठाचा कण टिपला.' पुस्तक तिने ट्रंकेत ठेवलं होतं, कपड्यांच्या तळाशी. मला वाटायचं, जपून ठेवलंय.

गेल्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. आत्याची निवृत्ती आणि पिशव्यांचं प्रदर्शन. सतराच्या सतरा पहिल्यांदाच एकत्र मांडायच्या, मधोमध क्रमांक अकरा, एकटी, तिच्यावर वेगळा दिवा. उद्घाटनाला प्राध्यापक. ते आता पंच्याहत्तरीला टेकलेले, काठी घेऊन चालणारे. संचालकांनी मला मजकूर दिला: 'मिठाची पिशवी. आत मिठाचे अंश सापडलेली जगातील एकमेव.' मी पाटी लिहिली, अक्षर बरं आलं म्हणून आत्याला दाखवायला नेली.

तिने ती वाचली, टेबलावर उपडी ठेवली आणि म्हणाली, "शाई वाळली नाहीये अजून."

वाळली होती. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, पुठ्ठा जरा पिवळट वाटतोय. तिसऱ्या दिवशी म्हणाली, अक्षर बारीक आहे. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. वीस वर्षं मी पाट्या लिहिते आहे आणि हिने कधी एका वेलांटीला नाव ठेवलं नव्हतं. संध्याकाळी तिच्या खोलीवर गेले, ती भाजी निवडत बसली होती, आणि म्हणाले, "आत्या, काय ते एकदा सांगून टाक. पाटीत काय चुकलंय?"

"मीठ," ती म्हणाली.

मला वाटलं भाजीत मीठ कमी पडलंय. भाजी तर अजून चुलीवरही गेली नव्हती.

मग तिने सांगितलं. हात भाजीतच होते, देठ एका बाजूला, पानं एका बाजूला. नोकरीचा तिसरा महिना. अकरावी पिशवी तिच्याकडे आली ती मळाने लाकडासारखी कडक झालेली. नियम असा की कुठलीही वस्तू नोंद झाल्याशिवाय धुवायची नाही आणि आत जे असेल ते नोंदणी अधिकाऱ्यासमोरच काढायचं. पण अधिकारी दोन दिवस रजेवर आणि ती घाण टेबलावर. "मला बघवेना गं. वाटलं, धुऊन लख्ख करून ठेवते, साहेब खूश होतील." कोमट पाण्याच्या टपात पिशवी बुडवली. मानेतून राखाडी गढूळ पाणी निघत राहिलं, तीन टप. तिने ते मोरीत ओतलं.

"आणि मग साहेब आले. म्हणाले, स्वच्छ दिसतेय, नुसता ब्रश मारलास ना? मी हो म्हटलं. म्हणाले, आत काय होतं? रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"मग काहीही नव्हतं म्हणायचंस."

"एवढी फुगलेली, जड पिशवी त्यांनी स्वतः माझ्याकडे दिली होती. काहीच नव्हतं कसं म्हणू?" तिने एक देठ मोडला. "माती म्हटलं असतं तर म्हणाले असते, दाखव. मीठ म्हटलं. चिकटलेलं होतं, ब्रशने झडलं. मीठ असतंच थोडं, आणि हवेनं पाणी होतं. दाखवायला लागत नाही."

मी तिच्याकडे बघत राहिले. माझी आत्या, जिने मला लहानपणी तुटलेल्या कपाबद्दल खोटं बोलले म्हणून अख्खा दिवस अबोला धरला होता.

"सहा महिने उमेदवारीवर होते मी. धुतलं म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, खोली गेली असती. आणि तू ट्रंक घेऊन नुकतीच आली होतीस."

हे ऐकून मला तिचा राग आला. खरं सांगते, कीव नाही, राग. माझ्या नावावर एवढं मोठं ओझं छत्तीस वर्षं ठेवायचं आणि मला पत्ताही लागू द्यायचा नाही. मी म्हणाले, "आता निवृत्तीला महिना राहिलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला कळणार आहे?"

"सगळं गेलं नव्हतं," ती माझं न ऐकता म्हणाली. "पाणी चहाच्या गाळण्यातून गाळलं होतं मी, मोरी तुंबू नये म्हणून. गाळण्यात चिमूटभर बिया राहिल्या. काळसर, एका बाजूने चपट्या. त्या ठेवल्या मी, खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत. रोज म्हणायचे, उद्या जाऊन सांगते. दोन वर्षं उद्या म्हटलं."

"मग? कुठाय डबी?"

ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. "तू खिडकीत चिमण्यांना घातल्यास."

मला खिडकी आठवत होती, चिमण्या आठवत होत्या. सहा वर्षांची होते, हाती लागेल ते त्यांना घालायचे. डबी मात्र अजिबात आठवेना. मी विचारलं, "मला रागावली का नाहीस?"

"खोटं कशाला बोलू," आत्या म्हणाली, "डबी रिकामी दिसली तेव्हा मला हायसं वाटलं. तेच जास्त लागलं मनाला."

त्या रात्री आम्ही दोघी जेवलो, भांडी घासली आणि भांडलो. मी म्हणत होते, ही चूक आता तुझी एकटीची राहिलेली नाही, त्या प्राध्यापकाचं काय, त्याने आयुष्य घातलंय त्यात. आता त्याच्या पायाखालची फळी काढणार का? ती म्हणाली, "मी माझ्या हाताने चुकीचा धागा भरला आणि वरून तो माणूस गालिचा विणत गेला. उसवायचं तर मीच उसवायला हवं. मी गेल्यावर तुझ्या अक्षरात ती पाटी राहील, ते मला नको." त्यावर मी नेहमीप्रमाणे दार आपटून निघून गेले. माझी खोली दोन गल्ल्या सोडून आहे, पोचेपर्यंत राग उतरला होता.

प्राध्यापक उद्घाटनाच्या आठ दिवस आधी आले. पिशवी कपाटात बंद होण्यापूर्वी त्यांना एकदा हातात घ्यायची होती. आत्याने चहा केला, कप त्यांच्यासमोर ठेवला आणि दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली, शाळेत मुलं उभी राहतात तशी. मी दाराशी होते.

"सर," ती म्हणाली, "आत मीठ नव्हतं. मी खोटं सांगितलं होतं. नोंदीच्या आधी मी पिशवी धुतली होती."

त्यांनी कप उचलला होता, तो तसाच बशीत ठेवला. आत्याने सगळं सांगितलं, तीन टप, मोरी, रकाना, सगळं. स्वतःची एकही सबब सांगितली नाही. ट्रंक नाही, खोली नाही, मी नाही. ते पिशवीकडे बघत होते. त्यांचा अंगठा तिच्या मानेवरून फिरत होता, वर-खाली, वर-खाली. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

शेवटी म्हणाले, "बाई, मला वाटायचं की निदान एक तरी गोष्ट मला नक्की माहीत आहे."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलंही नाही, कारण हात मागे होते.

मग त्या म्हाताऱ्या माणसाने जे केलं त्याबद्दल मी त्यांचे पाय धरायला तयार आहे. त्यांनी खिशातून पेन्सिल आणि छोटी वही काढली आणि विचारलं, "गाळण्यात काय राहिलं होतं?"

"बिया. चिमूटभर. काळसर, एका बाजूने चपट्या."

"कुठे आहेत?"

"हरवल्या माझ्याकडून," आत्या म्हणाली. माझ्याकडे तिने चुकूनही पाहिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, गप्प बसायचं होतं. बसले असते. पण तिचे ते मागे बांधलेले हात मला दाराकडून दिसत होते आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मी पुढे झाले आणि म्हणाले, "तिच्याकडून नाही हरवल्या. मी चिमण्यांना घातल्या. सहा वर्षांची होते."

प्राध्यापक माझ्याकडे वळले. आणि त्यांचा चेहरा बदलला. पडला नाही, उजळला. काठीवर भार देऊन ते अर्धे उठलेच. "चिमण्यांना? मग खाल्ल्या का त्यांनी?"

मला क्षणभर समजेना. मग समजलं. चिमण्यांनी खाल्ल्या असतील तर ते धान्य. रंगाचं बी असतं, औषधी असतं, तर चिमण्यांनी चोच मारून सोडून दिलं असतं. छत्तीस वर्षांनंतर त्या पिशवीत काय होतं याची एकच साक्षीदार उरली होती आणि ती मी होते.

"आठवून बघा," ते म्हणाले. "सगळ्या खाल्ल्या? सोलून टाकलं का काही? परत आल्या का दुसऱ्या दिवशी?"

पेन्सिल वहीवर टेकलेली होती. आम्ही त्यांचं आयुष्यभराचं मीठ काढून घेतलं होतं आणि बदल्यात त्यांना फक्त एक 'हो' हवं होतं. आणि मला ते दिसतही होतं! खिडकीचा कठडा, त्यावर काळे ठिपके, चार-पाच चिमण्या, आणि क्षणात कठडा साफ. इतकं स्वच्छ दिसत होतं की त्यात ऊनसुद्धा पडलेलं होतं. पण ते मला आठवत होतं, की आत्ताच, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी तयार करत होते? भाताची शितं घातलेली आठवत होती. पावाचा चुरा आठवत होता. बिया?

मी आत्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत धाक नव्हता, विनवणीही नव्हती. तिच्याएवढं कोण जाणत होतं की एका शब्दात किती सोय असते.

"नाही आठवत," मी म्हणाले. "खरंच नाही आठवत, सर. हो म्हणावंसं वाटतंय. पण आठवत नाही."

त्यांनी वही मिटली, खिशात ठेवली आणि गार झालेला चहा संपवला. जाताना आत्याला म्हणाले, "पुढच्या वर्षी येईन तेव्हा तुम्ही इथे नसाल. चहा कुठे मिळेल?" तिला खोलीसुद्धा सोडावी लागणार होती, म्हणून तिने माझा पत्ता सांगितला. तो मात्र त्यांनी वहीत लिहून घेतला.

ते गेल्यावर आत्या टेबलाशी बसली. मी तिच्यामागे उभी राहिले. तिने वळून न बघता हात मागे केला, माझा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. तिचं बोट सुईने खरखरीत झालेलं आहे, ते माझ्या तळहाताला लागत होतं.

संचालकांनी आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाले, 'वापर अनिश्चित' एवढं लिहा आणि विषय संपवा. आत्या ऐकेना. म्हणाली, कुणी धुतली तेही लिहा. आयुष्यभर जिचा एक टाका कुणाला दिसला नाही, तिला आपली ही एकच गोष्ट सगळ्यांना दिसायला हवी होती. उद्घाटनाला प्राध्यापक आले, भाषण नाही केलं, पण आले. क्रमांक अकराखालची पाटी अशी आहे, आजही आहे:

'लोकरीची पिशवी. वापर माहीत नाही. आत जे होतं ते नोंद होण्याआधी या संग्रहालयाच्या टाकेबाईंनी धुतलं. गाळण्यात उरलेल्या बिया त्यांच्या भाचीने लहानपणी चिमण्यांना घातल्या. त्या चिमण्यांनी खाल्ल्या की नाही, ते भाचीला आठवत नाही.'

लोक या पाटीपुढे जास्त वेळ थांबतात. काही हसतात. आत्या निवृत्तीनंतर एकदा तिकीट काढून आली, फुकट सोडत होते तरी काढलं. तिने पाटी दोनदा वाचली आणि म्हणाली, "अक्षर छान आलंय." मग चष्मा पुसून पिशवीच्या कोपऱ्याकडे बघत राहिली, जिथे तिने छत्तीस वर्षांपूर्वी एक भोक बुजवलं होतं. मी काचेला नाक लावून शोधलं. मला दिसलं नाही.